बाबासाहेब आणि नळाचे पाणी

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वसतिगृहाच्या नळावर पहिल्या दिवशी पाणी प्यायलो. कुणी अडवले नाही. त्यात विशेष ते काय, हे बाबासाहेबांचे चरित्र वाचल्यावर कळले.

शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला की तहान तशीच.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. नवल भथेना या पारशी मित्राबरोबर वसतिगृहात राहिले. साऱ्यांच्या बरोबरीने मेजावर जेवण, हवे तिथे बसणे, फिरणे. तेथे त्यांना सापडलेली सर्वांत नवी गोष्ट हीच. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढे लंडनलाही शिकले. त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसरच पडला.

१९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते ओंजळीने प्यायले. परदेशात न मागता मिळालेले माणूसपण मायदेशात झगडून घ्यावे लागले. माझ्या नळाचे पाणी तिथून आले आहे.