हातातलं सोवळं

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक वस्तीतल्या एका ताईंच्या घरी होती. दहा बाय दहाची खोली, पण आरशासारखी लख्ख. बैठक संपल्यावर ताईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. माझ्यापुढे कप आला आणि मी चटकन बोलून गेले, की मला ॲसिडिटीचा त्रास आहे, चहा चालत नाही. ताईंनी काही न बोलता कप मागे घेतला.

आठ दिवसांनी त्याच ताई सहीसाठी कागद घेऊन माझ्या घरी आल्या. तेव्हा मी शेजारणीबरोबर चहाच पीत बसले होते! ताईंनी एकदा माझ्या कपाकडे पाहिलं आणि नजर वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती लाज झाकायला मी त्यांना आग्रहाने बसवलं, चहा गाळायला आत गेले, आणि माझा हात कुठे गेला सांगू? स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथ्या घातलेल्या कपाकडे. आमच्या कामाच्या बाईंचा कप. गेली कित्येक वर्षं तो तिथेच असतो. तिथे तो ठेवायचा असं घरात कुणी कधी ठरवलेलं नाही. आईकडे तसा असायचा, सासूबाईंकडे तसा होता, म्हणून माझ्याकडेही आहे.

मी पंधरा वर्षं सामाजिक काम करते. समतेवर भाषणंसुद्धा देते. मग हा हात कुणाचा?

त्या रात्री मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ बाहेर काढलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं. तेव्हा त्यातल्या गमतीजमती लक्षात राहिल्या होत्या. आता वाचताना जाणवलं, की या बाईने माझ्या हाताची गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरातली हाक मनू. घराणं कर्मठ ब्राह्मण आणि प्रतिष्ठित. आईचे वडील जोगळेकर यांना 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. या प्रकाराचा धसका लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी इतका घेतला, की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. कुणाचा स्पर्श नको, कुणाची सावली नको. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य तर धुवायचंच, पण मीठसुद्धा धुवायचं! आता मीठ धुतल्यावर उरतं काय, हे आपल्याला सांगायला नको.

वाचताना हसू येतं. पण मैत्रिणींनो, जरा थांबून विचार करा. मीठ धुऊन खायला आधी घरात मीठ मुबलक लागतं. धुणारे हात लागतात, पाण्याचे हंडे लागतात, वेळ लागतो. हे सोवळं वडिलांच्या डोक्यात होतं, पण राबत होती घरातली बाईमाणसं. ज्या बाईला सकाळी उठून दुसऱ्याच्या शेतावर जायचं आहे, तिला हे असलं सोवळं परवडेल का? म्हणजे ज्याला आपण संस्कार म्हणतो, त्यात धर्म किती आणि घरची ऐपत किती, हे एकदा तपासून पाहायला हवं.

छोट्या मनूला या सगळ्याचा जाच झाला. पण गंमत अशी, की जाच झालेली गोष्टसुद्धा अंगात मुरतेच. 1880 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, तिचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. लोकमान्य वेगळे बरं का, हे फुलांमुलांचे कवी. बुद्धिमान, मनस्वी, तापट. आज इथे तर उद्या तिथे. हातात पैसा टिकायचा नाही, कारण समोर गरजू दिसला की ते देऊन मोकळे. थोरामोठ्या घरची लेक अशा ओढगस्तीच्या संसारात पडली. लिहायवाचायलाही ती लग्नानंतरच शिकली. परिस्थिती पार बदलली, पण कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, याचे माहेरी शिकलेले नियम मात्र जसेच्या तसे राहिले. पैसा जातो, वळण जात नाही.

फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. मुलगा दत्तू तेव्हा अगदी लहान होता. नातेवाईक त्यांना पंढरपूरला घेऊन गेले. नवरा जिवंत आहे, पण त्याच्याकडे जायची सोय नाही. लोक कीव करायचे, सल्ले द्यायचे. त्या दुःखातच लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. अशी चार-पाच वर्षं गेली.

शेवटी माया जिंकली आणि त्या मुलाला घेऊन नगरला टिळकांकडे आल्या. पण कशा आल्या? आपला धर्म न सोडता, आपलं सोवळं सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. एकाच संसारात दोन व्यवस्था सुरू झाल्या. बाईंचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. नवऱ्यावर जीव ओवाळून टाकतील, पण शिवलेलं पाणी पिणार नाहीत!

इथे मला आपल्या बायकांच्या बाजूने एक गोष्ट सांगाविशी वाटते. टिळकांचा बदल पुस्तकांतून, चर्चांतून, चिंतनातून झाला होता. त्यांनी त्यासाठी सोसलं नाही असं मुळीच नाही. पण घरात पाणी कुणी भरायचं, भांडी कुणाच्या हातची घ्यायची, पंगतीत कुणाला कुठे बसवायचं, हे काही पुरुषांच्या हातात नव्हतं. जात आणि पायरी रोजच्या रोज पाळली जायची ती चुलीपाशी. आणि चूल बाईची. त्यामुळे पुरुषाचं मत पालटलं, तरी बाईला एकेका भांड्यापासून सुरुवात करावी लागते.

त्यातून नगर जिल्ह्यातल्या त्या काळच्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते. म्हणजे ज्यांची सावली माहेरी चालत नव्हती, तेच आता शेजारी होते, तेच टिळकांचे बंधू आणि भगिनी होते. घरी त्यांचीच ये-जा. लक्ष्मीबाई माणूस म्हणून प्रेमळ. कुणाचं दुखलंखुपलं तर धावून जाणाऱ्या. पण पाण्याचा तांब्या मध्ये आला की पाऊल थबकायचं. मनात द्वेष नाही, तरी हात मागे. हे वाचलं आणि मला माझा चहाचा कप आठवला.

मग एका रात्री लक्ष्मीबाई अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करू लागल्या. समोर ना कुणी उपदेशक होता, ना टिळक वाद घालत होते. आपल्याशीच त्यांची उलटतपासणी चालली होती. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांसारखा माणसांतही डोळ्यांना दिसेल असा फरक त्याने ठेवला नसता का? जन्म सारखा, मरण सारखं, रक्तमांस सारखं. विचार करता करता उत्तर सापडलं, की देवाने माणसांत दोनच जाती केल्या आहेत, स्त्री आणि पुरुष. बाकीच्या सगळ्या आपण केल्या. झालं! त्याच रात्री त्यांनी ठरवलं, की आता कुणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं. आणि दुसऱ्या दिवसापासून तसं वागायला सुरुवातही केली.

लक्षात घ्या, हा निर्णय त्यांनी धर्म बदलण्याच्या आधी घेतला. बाप्तिस्मा त्यांनी 1900 मध्ये घेतला. जातिभेद मनातून जायला त्यांना धर्मांतर करावं लागलं नाही. त्यांनी फक्त स्वतःला खरा प्रश्न विचारला. तो प्रश्न कुणालाही विचारता येतो, आपापल्या देवघरासमोर बसूनसुद्धा.

ठरवणं एक आणि निभावणं वेगळं, हे आपण रोज अनुभवतो. लक्ष्मीबाईंनी निभावलं. 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ मुलांचे हाल झाले. टिळक अशा मुलांना घरी घेऊन येत आणि त्यांचं करणं-सवरणं लक्ष्मीबाईंवर येई. जात विचारायची सोयच नव्हती. प्लेगच्या साथीत जवळचे नातेवाईकही रोग्याजवळ जायला घाबरत, तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. जिच्या बालपणी बाजारचं मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नव्हतं, तिने परक्यांच्या पोरांची अंथरुणं साफ केली. पुढे बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले, तेव्हा त्यांचंही आईच्या मायेने केलं.

1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध झाले. 1936 मध्ये त्या गेल्या. त्या आठवणींत रडगाणं नाही, कुणावर राग नाही. वडिलांच्या सोवळ्यालाही त्या हसतात आणि त्याहून जास्त हसतात ते स्वतःला. मला वाटतं, बदलण्याची त्यांची युक्ती यातच होती. आपल्या खोडीला हसता आलं, की ती खोड आपल्यापासून थोडी सुटी होते.

आपण मात्र हसत नाही, लपवतो. आता सोवळं हा शब्द आपल्या तोंडी नसतो. आपण स्वच्छता म्हणतो, हायजीन म्हणतो. सोसायटीत कामाच्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असते, तेव्हा आपण सोय म्हणतो. त्यांनी सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसावं, आणि आपण म्हणावं, की त्यांनाच तसं आवडतं. मुलं हे सगळं बघत असतात. आपण भाषणात काय बोलतो ते त्यांच्या लक्षात राहत नाही. कप कुठे ठेवतो ते राहतं. आईचा कप मी बघितला होता, माझा माझी मुलगी बघते आहे.

तर, मैत्रिणींनो, एकदा आपल्या स्वयंपाकघरात नजर टाका. खिडकीत, ओट्याच्या कोपऱ्यात, सिंकखाली एखादा कप, एखादी ताटली वेगळी आहे का? असली तर तिची गोष्ट घरात एकदा बोला. भांडण करून नव्हे, लक्ष्मीबाईंसारखं हसत.

मी काय केलं? खिडकीतला कप धुतला आणि फडताळात बाकीच्या कपांत मिसळून टाकला. येत्या बैठकीला ताईंकडे चहा मागून घेणार आहे. ॲसिडिटीची थाप मारली होती, हेही त्यांना सांगायचं आहे, आणि ते चहा पिण्यापेक्षा अवघड जाणार आहे. कारण खरं सांगायचं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ओतायला कप काढायला गेले, तेव्हा सहा एकसारख्या कपांतला तो कोणता, हे माझ्या हाताला बरोबर कळलं. मी तोच घेतला, आणि त्यात माझा चहा ओतला.