कोट, पेटा आणि खडकवासल्याची दारे

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की आपल्या होस्टेलवर एकच धावपळ सुरू होते. इस्त्री कुणाकडे आहे, पांढरा शर्ट कुणाचा, काळे मोजे कुणाचे, याची शोधाशोध चालते. अख्ख्या मजल्यावर टाय असतात दोन आणि टाय बांधता येणारा असतो एक. तो बिचारा सकाळपासून एकेकाच्या गळ्यात गाठी मारत बसतो. संध्याकाळी रिझल्ट लागला की शर्ट पुन्हा खुंटीला आणि आपण पुन्हा थ्री-फोर्थमध्ये!

मीही यातलाच. म्हणूनच तिसऱ्या वर्षाला सिव्हिलची साईट व्हिजिट पानशेतला गेली तेव्हा मी स्लिपर घालून गेलो. धरणावर पोचल्यावर सरांनी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं आणि ज्यांच्या पायात बूट नाहीत त्यांना बसमध्येच बसायला सांगितलं. आम्ही चौघे तासभर खिडकीतून पानशेत बघत होतो. राग आला होता, खोटं कशाला बोलू! परतताना बस खडकवासल्याला थांबली. तिथे सरांनी आम्हाला खाली उतरू दिलं आणि एका माणसाविषयी सांगितलं. त्याचा फोटो आपण दर १५ सप्टेंबरला हार घालण्यापुरता बघतो. नंतर लायब्ररीत बसून मी त्यांच्याविषयी वाचलं, ते हे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६० साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. घर विद्वानांचं, पण पैशाच्या नावानं बोंब. वडील लहानपणीच गेले. बंगलोरला शिकवण्या करत त्यांनी बी. ए. केलं आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे हा सगळा आपला मुलूख त्यांनी तुडवला आहे. कर्नाटकाइतकाच त्यांच्यावर आपलाही हक्क आहे, असं मी तरी मानतो.

नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट मला फार आवडते. धुळे भागात पांझरा नदीवर दातर्ती इथे पाण्याचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. पाऊस सुरू झाला, काम वाहून जायची भीती होती, म्हणून पाऊस ओसरेपर्यंत थांबावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. हा नवा पोरगा काम टाळतो की काय, असा एकूण सूर. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. भर पावसात काम हाती घेतलं आणि पुरं करून दाखवलं.

आता त्यांच्या कपड्यांविषयी. त्यांचा कुठलाही फोटो काढून बघा. बंद कोट किंवा सूट, गळ्याशी टाय आणि डोक्यावर जरीकाठी म्हैसुरी पेटा. त्या काळात खात्याच्या वरच्या जागांवर बहुतेक सगळे गोरे साहेब. एतद्देशीय इंजिनिअरकडे आधी संशयानंच बघितलं जायचं. अशा ऑफिसात कोट साहेबाचा पण पेटा आपला, ही जोडी मला तरी नुसती फॅशन वाटत नाही. शिस्तीत कुणी बोट ठेवायला जागा नको आणि आपण कोण हेही कुणी विसरायला नको, असा तो पेहराव होता.

आणि हा पेहराव फक्त साहेबासाठी नव्हता. म्हातारपणी, नोकरी सुटून कित्येक दशकं झाल्यावरसुद्धा, घरी भेटायला येणाऱ्याला ते पूर्ण पोशाखातच दिसत. वेळेचंही तसंच. ठरलेल्या वेळेच्या आधी नाही आणि नंतरही नाही. समोरच्याच्या वेळेची आणि समोरच्याची किंमत ठेवायची, मग तो कुणीही असो. आपण एक्स्टर्नल आले की शर्ट खोचतो आणि लॅब असिस्टंट काकांसमोर चुरगळलेल्या टी-शर्टात उभे राहतो. फरक एवढाच आहे!

पण नुसत्या कोटावर कुणी सर विश्वेश्वरय्या होत नाही. खडकवासल्याला सरांनी आम्हाला सांडव्याकडे बोट दाखवलं ते यासाठीच. हे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं. पुण्याला पाणी पुरेना. धरणाची उंची वाढवायची तर पाया पुन्हा तपासा, भिंत जाड करा, खर्च अफाट. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवायची योजना केली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडायचं. पूर आला आणि पातळी त्यावर चढू लागली की वजनांच्या तोलावर दारे आपोआप उघडायची, पाणी उतरलं की आपोआप मिटायची. साल १९०३. रात्री-अपरात्री पावसात दार उघडायला माणूस धावायची गरज नाही. धरणाला धक्का नाही आणि साठा वाढला. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे बसली.

पुढचं बरंचसं सगळ्यांना पाठ आहे म्हणून पटकन सांगतो. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि निजामानं त्यांना बोलावून घेतलं. पूर अडवायला शहराच्या वर जलाशय बांधा, हा त्यांचा सल्ला होता. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. दिवाणपद घेण्याआधी त्यांनी नातेवाइकांना बजावलं होतं म्हणतात, की वशिल्यासाठी माझ्या दारात यायचं नाही. १९१७ मध्ये बंगलोरचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच काळात सुरू झालं. १९५५ मध्ये भारतरत्न.

आता पुन्हा पानशेत. आंबी नदीवरचं हे मातीचं धरण १९६१ च्या पावसाळ्यात वरून बघणाऱ्याला धरणासारखं धरण दिसत होतं. भराव उभा होता, मागे पाणी तुंबत होतं. पण पाणी सोडायच्या विमोचकाचं काम अपुरं होतं. भराव खचू लागला, जवानांनी जिवाच्या करारावर वाळूची पोती रचली, आणि १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ज्या धरणाची विश्वेश्वरय्यांनी इतकी काळजी वाहिली ते ऐंशी वर्षांचं धरणही फुटलं. पुण्यात काय झालं ते नदीकाठच्या पेठांमधल्या आजी-आजोबांना विचारा. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वय शंभर. पुढे नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ ला, ते बंगलोरला वारले. आज आपण बघतो ते पानशेत, म्हणजे तानाजीसागर, त्यानंतर नव्यानं बांधलेलं.

बसच्या खिडकीतून मला जे दिसलं होतं तेही वरवरचंच होतं. हिरवा उतार, निळं पाणी, मस्त फोटो. विमोचक कुठे, सांडवा कुठे, काही कळलं नाही, कारण खाली उतरायची माझी तयारीच नव्हती. ओल्या दगडी पिचिंगवर स्लिपर घालून उतरणारा मुलगा घसरला तर जबाबदारी सरांची, हे मला त्या दिवशी सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला ठेवलेल्या पैशांतून मी बूट घेतले. पुढच्या व्हिजिटला धरणाच्या गॅलरीत आत उतरलो. झिरपणारं पाणी मोजतात तो छोटा खाचेचा बांध पहिल्यांदा तिथे डोळ्यांनी पाहिला. पुस्तकात त्याची आकृती दहा वेळा काढली होती.

यंदा ज्युनिअर्सची बस पानशेतला निघाली तेव्हा आदल्या रात्री माझ्या रूमवर तिघे जण बूट मागायला आले. मापात बसले एकाच्याच. बाकीच्या दोघांना बी विंगमध्ये पाठवलंय.