आगीच्या मुळाशी जाणारा : जेम्स ब्रेडवुड

निलंगा, औसा, उदगीर या भागातील मैदानांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले हे आता नेहमीचे दृश्य झाले आहे. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, तर कुणी एखाद्या महापालिकेच्या अग्निशमन दलातील अग्निशामकाच्या जागेवर डोळा ठेवून असतो. तेथे उंची आणि छाती मोजली जाते, ठरावीक वेळात धावून दाखवावे लागते, दोर चढावा लागतो, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळावे लागते. निवड झाल्यावर काही महिन्यांचे खडतर प्रशिक्षण असतेच. आग विझवणे हे निवडून घेतलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या माणसांचे काम आहे, हे आज कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. ती प्रथम पद्धतशीरपणे अमलात आणली ती स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरातील एका चोवीस वर्षांच्या तरुणाने. त्याचे नाव जेम्स ब्रेडवुड.

ब्रेडवुड यांचा जन्म १८०० सालचा. वडिलांचा व्यवसाय लाकूडकामाचा आणि इमारती बांधण्याचा. शालेय शिक्षण एडिंबऱ्याच्या रॉयल हायस्कूलमध्ये झाल्यावर मुलगा वडिलांच्याच व्यवसायात आला आणि मोजणी, आखणी, बांधकामाची देखरेख शिकला. भिंत कशावर उभी राहते, तुळई कोठे टेकते, जिना जळाला की मजला किती वेळ तग धरतो, याचे ज्ञान त्याला पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या कामातून मिळाले. पुढील सारे आयुष्य या ज्ञानाच्या आधारावर उभे राहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी ब्रिटनमधील आगी विझवण्याचे काम बहुतांशी विमा कंपन्यांच्या माणसांकडे असे. प्रत्येक कंपनीचे बंब वेगळे, गणवेश वेगळे, आणि आपण विमा उतरवलेल्या मालमत्तेचे नुकसान कमी व्हावे हा हेतू उघड. एकाच आगीवर दोन-तीन कंपन्यांचे बंब धावत येत आणि त्यांच्यात मेळ नसे. एडिंबऱ्याने यातून मार्ग काढला आणि १८२४ साली शहराच्या अग्निशमन दलाची स्थापना करून त्याची सूत्रे ब्रेडवुड यांच्या हाती दिली. नेमणूक झाली ऑक्टोबरमध्ये. माणसे अजून पुरती शिकलेलीही नव्हती, तोच १५ नोव्हेंबरच्या रात्री जुन्या शहरातील एका अरुंद बोळात आग लागली. जुने एडिंबरा म्हणजे उंचच उंच, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दगडी इमारती. आग अनेक दिवस धुमसत राहिली. ट्रॉन चर्चचा मनोरा जळाला, सुमारे चारशे कुटुंबे उघड्यावर आली, दहाबारा जीव गेले.

या आगीत पाण्याच्या टंचाईइतकाच घोळ घातला तो हुकमांनी. नगरपालिकेचे अधिकारी, न्यायाधीश, शहरातील बडी मंडळी असे सारे जागेवर हजर होते आणि प्रत्येक जण बंबवाल्यांना वेगळे काही सांगत होता. नवख्या प्रमुखाचे ऐकायचे की दंडाधिकाऱ्याचे, हे माणसांना कळेना. आग विझल्यावर दोष प्रथम दलावर आला. पण चौकशीनंतर एक गोष्ट मान्य झाली : आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालेल आणि तो दलाच्या प्रमुखाचा असेल. आज आपल्याकडे आग लागली की नगरसेवकापासून बघ्यांपर्यंत सारेच सल्ले देऊ लागतात. त्या गर्दीतून वाट काढणाऱ्या अधिकाऱ्याला या निर्णयाचे मोल निराळे सांगायला नको.

पुढील नऊ वर्षांत ब्रेडवुड यांनी जे दल घडवले, त्याचे रहस्य माणसांच्या निवडीत होते. त्यांनी कौले बसवणारे, सुतार, गवंडी, लोहार आणि नळकाम करणारे कारागीर घेतले. कौले बसवणारा छपरावर निर्धास्त चालतो. सुताराला आणि गवंड्याला इमारत कोठून आणि कशी खचेल हे समजते. लोहार आणि नळकारागीर बंबाची यंत्रणा सांभाळतात. वय शक्यतो सतरा ते पंचवीस. ही माणसे आपापला धंदा करीत आणि आगीची वर्दी आली की धावून येत. कवायत आठवड्यातून एकदा, पहाटे चार वाजता. त्या वेळी कुणाच्या रोजगारात खंड पडत नसे, रस्ते मोकळे असत आणि मुख्य म्हणजे अंधार असे. बहुतेक मोठ्या आगी रात्रीच लागतात, तेव्हा अंधारातच काम करण्याची सवय हवी, हा त्यामागचा हिशेब. शिड्या चढणे, दोरखंडावरून उतरणे, अंगमेहनतीचे व्यायाम, शिट्टीच्या ठरलेल्या इशाऱ्यांवर हालचाली करणे, हे सारे त्या कवायतीत होते. जळत्या लोहारी मालाच्या दुकानातून बंदुकीच्या दारूची पिंपे ब्रेडवुड यांनी स्वतः बाहेर आणल्याची हकिगत शहरात बराच काळ सांगितली जात असे.

इमारतीचा स्वभाव ओळखणारा माणूस का हवा, हे लातूर जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला तेव्हा औसा आणि निलंगा तालुक्यांतील गावांत, तसेच शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, माणसांचे बळी घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांच्यावरील माळवदाच्या ओझ्याने. मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. ढिगाऱ्यातील कोणता दगड आधी काढायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे ज्याला कळत होते त्याच्या हातून माणसे जिवंत निघाली. ब्रेडवुड यांनी गवंड्याला बंबावर घेतले ते याच विचाराने.

१८३० साली त्यांनी आगीचे बंब, अग्निशामकांचे प्रशिक्षण आणि आग विझवण्याची पद्धत या विषयावर पुस्तक लिहिले. त्यातील सूत्र एकच होते. रस्त्यात उभे राहून खिडकीवर पाणी फेकल्याने धूर होतो, आवाज होतो, बघ्यांचे समाधान होते, पण आग विझत नाही. आत शिरावे, आगीचे मूळ शोधावे आणि पाणी नेमके तेथे मारावे. आत शिरताना खाली वाकावे, गरज पडल्यास सरपटावे, कारण जमिनीलगतच्या काही इंचांत श्वास घेण्याजोगी हवा उरलेली असते. आत एकट्याने जाऊ नये. एक कोसळला तर दुसऱ्याने त्याला ओढून काढावे. दारेखिडक्या शक्य तितक्या बंद ठेवाव्यात, वारा मिळाला की आग फोफावते. यातली बहुतेक शिकवण आजच्या प्रशिक्षण केंद्रांतही पहिल्या काही दिवसांतच गिरवून घेतली जाते. श्वसनयंत्र आले, कपडे बदलले, उंच शिड्या यंत्रावर चढल्या. वाकून आत जाणे मात्र सुटलेले नाही.

१८३३ च्या आरंभी लंडनमधील दहा विमा कंपन्यांनी आपले बंब एकत्र केले आणि त्या संयुक्त दलाच्या प्रमुखपदी ब्रेडवुड यांना बोलावले. एवढ्या अवाढव्य शहरासाठी माणसे होती ऐंशी आणि बंबखाने तेरा. येथे त्यांनी निवडीचा निकष बदलला. लंडनचे दल पूर्णवेळ होते. माणसाने ठाण्यातच राहायचे, रात्री-अपरात्री उठायचे, हुकूम होताच निघायचे. यासाठी त्यांना खलाशी अधिक योग्य वाटले. दोरखंड आणि शिडी त्यांच्या अंगवळणी पडलेली, आळीपाळीने रात्रीचा पहारा करण्याची सवय, आणि वादळातही हुकूम पाळण्याची शिस्त. गणवेश राखाडी, डोक्यावर चामड्याचे शिरस्त्राण. बंब हाताने चालत. दोन्ही बाजूंचे लांब दांडे खालीवर करण्यासाठी डझनावारी माणसे लागत, आणि ती रस्त्यातल्या बघ्यांतूनच घेतली जात. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढे तासाला सहा पेन्स आणि वर बिअर, असा दर होता. बिअर संपली की दांडेही थांबत.

१६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री ब्रिटिश संसदेची इमारत पेटली. हिशेबाच्या जुन्या लाकडी कांड्या तळघरातील भट्ट्यांत जाळल्या जात होत्या, त्यातून ही आग लागली. या इमारतीचा विमा नव्हता. कंपन्यांच्या दलावर तिची कोणतीही जबाबदारी नव्हती. तरी ब्रेडवुड बारा बंब आणि साठहून अधिक माणसे घेऊन धावले. दोन्ही सभागृहे वाचवणे अशक्य आहे हे ओळखून त्यांनी बळ एकवटले ते मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉलवर, आणि तो वाचला. काय गेले हे वेळीच मान्य करून उरलेल्यासाठी झुंजणे हा या पेशातील सर्वांत अवघड निर्णय. तो त्या रात्री अचूक ठरला. पुढे १८३८ मध्ये कडाक्याच्या थंडीत रॉयल एक्स्चेंज आणि १८४१ मध्ये लंडन टॉवरमधील शस्त्रागार जळाले. दोन्ही इमारती हातच्या गेल्या. ब्रेडवुड यांच्या नावावर केवळ विजय जमा आहेत असे नाही.

त्यांच्या स्वभावात हट्टही होता. वाफेवर चालणारा बंब १८२९-३० च्या सुमारास तयार झाला होता; त्यांनी तो दीर्घकाळ दूर ठेवला. जोराची धार हाती आली की माणसे लांबूनच पाणी फेकतील, आत जाणार नाहीत आणि पाण्याने आगीपेक्षा अधिक नासधूस होईल, हा त्यांचा आक्षेप. तो निराधार नव्हता. पण वखारी वाढत होत्या, मजले चढत होते आणि हाताच्या बंबांची धार तेवढ्या उंचीला पुरत नव्हती. नदीवरील तरत्या बंबाला त्यांनी वाफेचे यंत्र बसवू दिले. रस्त्यावरचा वाफेचा बंब दलात आला तो १८६० साली.

थेम्सकाठच्या वखारींबद्दल मात्र त्यांनी वर्षानुवर्षे इशारे दिले. एकाच छपराखाली, मध्ये पुरेशा भिंती नसलेली प्रचंड गोदामे पेटली तर ती विझवण्याची ताकद कोणत्याही दलात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. ओतीव लोखंडाचे खांब अग्निरोधक असतात या समजुतीवरही त्यांचा विश्वास नव्हता. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले की ते तडकते आणि सारा मजला खाली येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मालमत्तेचे धनी ऐकून घेत आणि वखार आणखी मोठी करीत.

२२ जून १८६१ हा शनिवार. लंडन पुलाजवळील टूली स्ट्रीटवरच्या कॉटन्स वार्फ या धक्क्यावर दुपारी आग दिसली. आत कापूस, अंबाडी, भारतातून आलेला ताग, साखर, चरबी, सोरा असा माल खच्चून भरलेला. अंबाडी आपोआप तापून पेटली असावी असा कयास. दोन गोदामांमधील लोखंडी दारे अशाच प्रसंगासाठी बसवली होती, पण ती उघडी राहिली होती. नदीला ओहोटी असल्याने तरत्या बंबालाही पुरेसे पाणी मिळेना. वितळलेली चरबी पेटत्या अवस्थेत नदीवर पसरू लागली. सायंकाळी साडेसातच्या सुमारास ब्रेडवुड थकलेल्या माणसांना ब्रँडीचा घोट देत, धीर देत, एका अरुंद गल्लीतून फिरत होते. आत स्फोट झाला आणि गोदामाची भिंत बाहेर फुगून त्यांच्यावर कोसळली. ते आणि सोबतचा एक सहकारी जागीच ठार झाले. भिंतीची भाषा आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाचा अंत भिंतीखालीच झाला. ढिगारा इतका धगधगत होता की मृतदेह हाती येण्यास दोन दिवस लागले. आग पुरती विझायला दोन आठवडे गेले.

२९ जूनच्या अंत्ययात्रेची रांग दीड मैल लांब होती. ब्रेडवुड यांच्या गणवेशावरील बटणे काढून अग्निशामकांना आठवण म्हणून दिली गेली, अशी नोंद आहे. नुकसान सुमारे वीस लाख पौंडांचे झाले. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले आणि १८६२ मध्ये सरकारला कळवून टाकले, की लंडनच्या आगींचा भार यापुढे आम्हाला पेलणारा नाही. ब्रेडवुड हयात असताना जे झाले नाही, ते मग झाले. १८६५ मध्ये कायदा होऊन १ जानेवारी १८६६ पासून लंडनचे अग्निशमन दल ही सार्वजनिक सेवा बनली. त्यांच्या जागी आलेले मॅसी शॉ यांनीही दलात खलाशीच भरले. मुंबईत हे काम आधी पोलिसांच्या अखत्यारीत होते, ते १८८७ मध्ये पालिकेकडे आले.

टूली स्ट्रीटनंतर त्र्याऐंशी वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरली होती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला तेव्हा मुंबई दलाची माणसे पाण्याच्या नळ्या घेऊन जहाजाच्या अगदी जवळ होती. दलाचे ६६ जण त्या दुर्घटनेत गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

एडिंबऱ्यात ब्रेडवुड यांचा पुतळा उभारला गेला तो २००८ साली. त्यासाठी निवडलेली जागा म्हणजे पार्लमेंट स्क्वेअर. नोव्हेंबर १८२४ च्या आगीत त्या चौकातील उंच इमारती जळाल्या होत्या, आणि दलाचा नवा प्रमुख तेथे कुणीही न ऐकणारे हुकूम देत उभा होता.