ताण सोसणारा धागा

खाली बसताना गुडघ्याशी ताणली जाणारी आणि उभे राहताच पुन्हा नीट बसणारी विजार आज परिचारिकांपासून कारखान्यातील कामगारांपर्यंत अनेकांच्या गणवेशात असते. अशा कृत्रिम धाग्यांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोथर्स अग्रणी होते.

त्यांचा जन्म 27 एप्रिल 1896 रोजी आयोवा राज्यात झाला. आधी ते हिशेबनिशी शिकले, पण ओढ रसायनशास्त्राची होती. 1924 मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी काही काळ हार्वर्डमध्ये शिकवले आणि 1928 मध्ये ते ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आले.

लहान रेणू एकाला एक जोडून लांब साखळ्या कशा तयार होतात, हे त्यांनी पद्धतशीरपणे दाखवून दिले. 1930 मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांना आढळले, की पॉलिएस्टरचा थंड झालेला धागा ओढला तर तो लांब होतोच, शिवाय बळकट आणि लवचिकही होतो. ओढल्यामुळे विस्कळीत साखळ्या एका दिशेने लागतात. मात्र हे धागे फार कमी तापमानाला वितळत. गरम पाणी आणि इस्त्री न सोसणारे कापड काय कामाचे?

28 फेब्रुवारी 1935 रोजी नायलॉन तयार झाले आणि ही अडचण सुटली. त्याच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात, म्हणून ते उष्णता व घर्षण सोसते. सुती कापडापेक्षा घाम कमी शोषते, ही त्याची उणीव.

कॅरोथर्स यांना तरुणपणापासून नैराश्याने ग्रासले होते. 1936 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड होऊनही आपण अपयशी आहोत, ही भावना गेली नाही. जानेवारी 1937 मध्ये त्यांची लाडकी बहीण वारली. 29 एप्रिल 1937 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी, त्यांनी जीवन संपवले. नायलॉन धाग्याच्या पेटंटसाठी अर्ज करून तेव्हा जेमतेम 20 दिवस झाले होते. त्यांची मुलगी त्यानंतर सात महिन्यांनी जन्मली. नैराश्यावरची आजची औषधे त्या काळी नव्हती. आज हा आजार उपचारांनी आटोक्यात येतो. मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे.

1958 मध्ये त्याच कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स शोधले. त्याच्या साखळीत मऊ आणि कडक भाग आलटूनपालटून असतात: मऊ भाग ताणतात, कडक भाग त्यांना मूळ जागी आणतात. गणवेशाच्या कापडात त्याचे प्रमाण थोडेच असते, पण वाकणे-बसणे त्यामुळे सोपे होते. क्लोरीनचे ब्लीच आणि कडक इस्त्री यांनी हा धागा कमजोर होतो व गुडघ्याशी कापड फुगते. म्हणून असा गणवेश घेताना आणि धुताना आतली पट्टी वाचावी. उकाड्यात काम असेल, तर सुताचे प्रमाण जास्त असलेले कापड निवडावे.