तालमीतला डॉक्टर

तालमीत नवे पोर आले, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी नाल उचलायला लावत नाहीत. आधी आखाड्याची माती उकरायला लावतात, जोर-बैठका घालायला सांगतात आणि त्याचा दम किती आहे ते डोळ्यांनी जोखतात. हे जोखण्याचे काम डोळ्यांबरोबर टेप, वजनकाटा आणि वैद्यकाचे ज्ञान घेऊन करणारा एक वस्ताद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रशियात होऊन गेला. तो व्यवसायाने डॉक्टर होता. त्याचे नाव व्लादिस्लाव क्रायेव्स्की. रशियातले लोक त्याला आपल्या भारोत्तोलनाचा जनक मानतात.

क्रायेव्स्की मूळचे पोलंडचे. जन्म १८४१चा. पुढे ते सेंट पीटर्सबर्गमध्ये स्थायिक झाले आणि तिथे नामवंत डॉक्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या काळी ताकद ही सर्कशीच्या तंबूत तिकीट काढून बघण्याची गोष्ट होती. पहिलवान साखळ्या तोडायचे, माणसांसकट फळ्या उचलायचे आणि लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. ही ताकद आपल्यालाही कमावता येईल, असे त्या प्रेक्षकांच्या ध्यानीमनीही नसे. डॉक्टरांच्या मात्र ते मनाने घेतले. आणि गंमत अशी, की वजने उचलायला त्यांनी स्वतः सुरुवात केली ती वयाची चाळिशी उलटल्यावर!

ऑगस्ट १८८५मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरीच हौशी व्यायामपटूंचे मंडळ सुरू केले. रशियातल्या भारोत्तोलनाचा जन्म याच दिवसापासून मोजतात. घराच्या एका भागात बारबेल, डंबेल आणि मूठ असलेले लोखंडी गोळे मांडलेले असत. या गोळ्यांना रशियन भाषेत गिर्या म्हणतात. भिंतींवर नामांकित पहिलवानांची छायाचित्रे टांगलेली. आठवड्यातून एकदा शहरातली प्रतिष्ठित मंडळी तिथे जमत, वजने उचलत, कुस्त्या खेळत. शहरात खेळ करायला आलेले व्यावसायिक पहिलवानही डॉक्टरांच्या घरी हजेरी लावून जात.

या घरातली शिस्त मात्र सर्कशीतली नव्हती. येणाऱ्याला आधी तपासले जाई. त्याचे वजन घेतले जाई, छाती आणि दंड मोजले जात. मग वजनाला हात! लोखंड कमी-जास्त करता येते, पण माणसाचे काळीज बदलून आणता येत नाही, हे डॉक्टरांइतके कोणाला ठाऊक असणार? वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे, शरीर थकून कोसळेपर्यंत रेटू नये, झोप पुरेशी घ्यावी, दारू-तंबाखूपासून दूर राहावे, असा त्यांचा आग्रह असे. पुढे त्यांनी ताकद वाढवण्याच्या शास्त्रावर पुस्तकही लिहिले.

या घरातून घडलेल्यांत जॉर्ज लुरिचचे नाव घेतात. पण सगळ्यांत गाजला तो जॉर्ज हॅकेनश्मिट. एस्टोनियातल्या एका कारखान्यात उमेदवारी करणारा हा विशीतला तरुण किरकोळ दुखापतीच्या निमित्ताने डॉक्टरांच्या हाती लागला. त्याची शरीरयष्टी तपासून डॉक्टरांनी ओळखले, की हा जगातला सर्वांत ताकदवान माणूस होऊ शकेल. १८९८मध्ये त्यांनी त्याला सरळ आपल्या घरीच राहायला आणले. तिथे तो रोज सहा लिटरच्या आसपास दूध प्यायचा. कोल्हापूरच्या पहिलवानांनाही हा आकडा ऐकून बरे वाटेल! त्याच वर्षी व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याने कुस्तीत पहिला आणि वजन उचलण्यात तिसरा क्रमांक पटकावला. पुढे तो जगज्जेता मल्ल झाला आणि १९६८मध्ये, वयाच्या नव्वदीत, लंडनमध्ये वारला.

डॉक्टरांना मात्र शिष्याचे हे सारे वैभव बघायला मिळाले नाही. एका हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यावर ते पाय घसरून पडले. हाड मोडले आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. १९०१मध्ये, वयाच्या साठीच्या आतबाहेर, त्यांचे निधन झाले. आयुष्यभर लोकांना वजन तोलायला शिकवणाऱ्या माणसाला बर्फाच्या एका पापुद्र्याने दगा द्यावा, याला काय म्हणावे?

आज आपल्या शहरांतही बारबेलचे सामुदायिक वर्ग भरतात. एकाच वेळी वीस-पंचवीस जण दांड्या उचलतात. त्यांत कॉलेजातला मुलगा असतो, दोन लेकरांची आई असते आणि नुकतेच निवृत्त झालेले आजोबाही असतात. व्यायाम सगळ्यांचा एकच, पण दांडीला किती तबकड्या लावायच्या हे प्रत्येकाचे वेगळे. शेजारचा उचलतो म्हणून आपणही उचलावे, हा मोह घोळक्यात फार लवकर होतो. तो आवरणे हेच शिकवणाऱ्याचे पहिले काम. तेव्हा घरातल्या कुणाला अशा वर्गात घालायचे असेल, तर तिथली यंत्रे किती चकचकीत आहेत ते नंतर बघावे. शिकवणारा आधी वय विचारतो का, जुने दुखणे विचारतो का, पहिल्या दिवशी नुसती रिकामी दांडी हातात देतो का, एवढे बघून घ्यावे. क्रायेव्स्कींच्या घरी वजनाला हात लावण्याआधी माणूस तपासला जाई. एवढी एक गोष्ट सांभाळली, तर चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यानेही भिण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी स्वतः तेच करून दाखवले होते.