फाशांचे गणित जाणणारा डॉक्टर

जिरोलामो कार्दानो हा सोळाव्या शतकातला इटालियन डॉक्टर. टायफसच्या तापाचे वर्णन करणाऱ्या पहिल्या वैद्यांत त्याची गणना होते आणि बीजगणिताच्या इतिहासातही त्याचे नाव आदराने घेतले जाते. मात्र जुगाराने त्याचा अर्धा जन्म खाल्ला.

त्याचा जन्म १५०१ मध्ये पाव्हिया इथे झाला. वडील वकील आणि गणिताचे जाणकार होते. आईवडिलांचे तेव्हा लग्न झालेले नव्हते, आणि हे त्याला पुढे बरीच वर्षे भोवले. वैद्यकाचे शिक्षण पाव्हिया व पादुआ इथे चालू असताना, १५२४ मध्ये वडील वारले. हाती आलेले थोडे पैसे संपले, तेव्हा तो पत्ते, फासे आणि बुद्धिबळावर पैसे लावून खर्च भागवू लागला. हिशेबात डोके चाले, त्यामुळे तो पुष्कळदा जिंकतही असे.

पदवी मिळाली, पण मिलानच्या वैद्यमंडळाने जन्माचे कारण दाखवून त्याला प्रवेश नाकारला. पादुआजवळच्या एका खेड्यात त्याने दवाखाना थाटला आणि १५३१ मध्ये लग्न केले. पुढे मिलानजवळच्या गॅलाराते गावी बिऱ्हाड हलवले, पण रुग्ण फिरकेनात. मग पुन्हा फासे हाती आले. या वेळी बायकोचे दागिने गहाण पडले, पाठोपाठ घरातले सामान गेले आणि कुटुंबाला मिलानच्या अनाथाश्रयात आसरा घ्यावा लागला. डोके तेच होते, हिशेबही तोच होता. फरक एवढाच, की आता डावावर घरखर्चाचा पैसा लागत होता.

१५३४ मध्ये मिलानमध्ये गणित शिकवण्याचे काम मिळाले आणि तो सावरला. १५३९ मध्ये वैद्यमंडळाने दार उघडले. १५४५ मध्ये बीजगणितावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. १५५२ मध्ये तो स्कॉटलंडला गेला आणि आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या दम्यावर उपचार केले. आहार आणि झोपेला शिस्त लावली, पिसांची गादी-उशी काढायला सांगितली. रुग्णाला आराम पडला आणि कार्दानोचे नाव युरोपभर झाले. तरी फासे सुटायला फार वर्षे लागली. सुमारे पंचवीस वर्षे रोज फासे खेळल्याची नोंद त्याने आत्मचरित्रात स्वतःच केली आहे.

जुगारावर त्याने लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. ते छापले गेले १६६३ मध्ये, मृत्यूनंतर ८७ वर्षांनी. दोन फासे टाकले तर ३६ आणि तीन टाकले तर २१६ शक्यता, असा हिशेब त्यात आहे. पोकरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या प्रिमेरो या पत्त्यांच्या खेळाचीही चर्चा आहे. सोबत सल्लाही आहे: डाव लहान ठेवा, क्वचित खेळा, बरोबरीच्या माणसाशी खेळा. आणि सगळ्यांत मोठा फायदा मुळीच न खेळण्यात आहे.

मोबाइलवर थोड्या पैशांचे पोकर खेळणारेही असाच एक नियम सांगतात. खेळासाठी वेगळी रक्कम काढायची आणि तिचा विसावा भाग किंवा त्याहून कमी एका टेबलावर न्यायचा. कारण सरळ आहे. हजार रुपयांतले पाचशे एका वेळी लावले तर दोन वाईट डावांत खिसा रिकामा. पन्नास लावले तर वीस डाव पचतात. चांगल्या खेळाडूलाही ओळीने हरण्याचे दिवस येतातच.

पण हा नियम फक्त दिवाळे लांबवतो, हरणारा खेळ जिंकता करत नाही. तुमच्याकडे १,००० आणि समोरच्याकडे ९,००० रुपये आहेत, खेळ अगदी समसमान आहे आणि एकाचे पैसे संपेपर्यंत खेळायचे ठरले, असे समजा. तर तुमचे पैसे संपण्याची शक्यता दहात नऊ असते. त्यात खेळ चालवणारी कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते. शिवाय वेगळी काढलेली रक्कम संपल्यावर पगारातून किंवा कर्जाऊ पैशातून ती पुन्हा भरली, की नियम उरतच नाही. कार्दानोच्या घरात हेच झाले.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ मध्ये केला. सवय मात्र कायद्याने लगेच सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणे, रक्कम वाढवत नेणे, घरच्यांपासून लपवणे, उसनवारी करणे ही त्याची लक्षणे. यांतली काही दिसली तर रागावण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारी रुग्णालयात ही सोय असते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

कार्दानोच्या काळात अशी सोय नव्हती. त्याच्या थोरल्या मुलाचा बायकोला विष दिल्याच्या आरोपावरून १५६० मध्ये शिरच्छेद झाला. धाकटा जुगारी निघाला आणि बापाच्याच घरात चोरी करू लागला. कार्दानो १५७६ मध्ये रोममध्ये वारला. शक्यतांचे गणित त्याने जगाला दिले, पण त्या गणिताने त्याचे स्वतःचे घर वाचले नाही.