नित्यापुरते तांदूळ : शरणी आयदक्की लक्कम्मा



रात्रीची जेवणे आटोपतात, झाकपाक होते आणि पातेल्याच्या तळाशी ओंजळभर भात उरलेला दिसतो. गाईला घालावा तर दारात गाय राहिली नाही. सकाळी फोडणी द्यावी तर मुले नाके मुरडतात. शेवटी तो भात उकिरड्यावर जातो. आपण आदिलाबादच्या पेठेत राहत असा की पैनगंगेच्या काठी जैनथ-बेला भागात शेती करीत असा, ही गोष्ट आपल्याही घरची आहे, हे आपण मनोमन मान्य कराल. आज ज्या शरणीचे चरित्र आपण पाहणार आहोत, तिचा सगळा संसार अशाच ओंजळभर तांदळावर उभा होता. तरी तिच्या दारातून कोणी जंगम उपाशी परतला नाही. हे कसे घडले, याचाच विचार आज करावयाचा आहे.

आयदक्की लक्कम्मा बाराव्या शतकातल्या. त्यांचे व त्यांचे पती मारय्या यांचे मूळ गाव अमरेश्वर. रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यातले हे क्षेत्र आहे. दोघांच्याही वचनमुद्रेत या अमरेश्वरलिंगाचेच नाव येते. महात्मा बसवण्णांची कीर्ती ऐकून हे दांपत्य कल्याणास आले. कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आदिलाबादच्या वाचकांना हा मुलूख परका वाटू नये. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर रायचूर, बीदर आणि आदिलाबाद हे तिन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. लक्कम्मा आपल्याच मुलखातल्या लेकीबाळींपैकी एक होत.

त्या काळी कल्याणात कलचुरी राजा बिज्जळाचे राज्य होते आणि बसवण्णा त्याच्या खजिन्याचा कारभार पाहत असत. अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली अनुभवमंटपात शरणांची चर्चा चाले. तेथे येणारा प्रत्येक जण आपल्या कष्टाचे खात असे. मडिवाळ माचय्या कपडे धूत, नुलिय चंदय्या गवताचे दोर वळीत, अंबिगर चौडय्या नाव चालवीत, मोळिगे मारय्या लाकडाच्या मोळ्या विकीत. यालाच कायक म्हणतात. स्वतःच्या कष्टाने मिळवावे, त्यातून दासोह करावा आणि उरलेला प्रसाद आपण घ्यावा, हा शरणांचा घरोघरचा नेम होता.

आपल्या मारय्यांचे कायक मात्र आगळेच होते. बसवण्णांच्या महामनेत नित्य दासोह चाले. तेथे तांदळाच्या राशी येत. येता-जाता, मोजता-उचलता काही दाणे अंगणात सांडत. ते सांडलेले दाणे मारय्या एकेक करून वेचीत. कन्नडमध्ये आय्द म्हणजे वेचलेले आणि अक्की म्हणजे तांदूळ. त्यावरूनच पतिपत्नीच्या नावामागे आयदक्की हे विशेषण लागले. आपल्याकडे पीक काढून झाल्यावर रानात सरवा वेचतात, तसेच हे समजा. सरवा वेचणारा कोणाचे घेत नाही आणि मातीत जाणारे वायाही जाऊ देत नाही. मारय्यांनी आणलेले तांदूळ लक्कम्मा पाखडीत, निवडीत, रांधीत; जंगमांना प्रथम वाढीत आणि मग दोघे प्रसाद घेत. घरात उद्याचा साठा नसे. उद्याचे कायक उद्या, उद्याचा दासोह उद्या.

आता या चरित्रातील मुख्य प्रसंगाकडे येऊ. शरणांचे संवाद एकत्र गुंफणारा ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ पंधराव्या शतकापासून सिद्ध होत गेला. त्यात हा प्रसंग आला आहे. एके दिवशी मारय्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंचे बोल ऐकत बसले. ऐकता ऐकता वेळेचे भान राहिले नाही, कायकाची वेळ टळू लागली. तेव्हा लक्कम्मांनी त्यांना आठवण करून दिली की आपले कायक थांबले आहे, ते आधी उरकावे. मारय्यांनाही ते पटले. कायकात रमलेल्याने गुरुदर्शनाचीसुद्धा ओढ बाजूला ठेवावी, कायक हाच कैलास, असा भाव त्यांच्या सुप्रसिद्ध वचनात आहे. पत्नीचा शब्द शिरोधार्य मानून ते महामनेकडे निघाले.

त्या दिवशी त्यांनी घाईघाईने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ गोळा करून आणले. परंपरा असेही सांगते की मारय्यांची पारख व्हावी म्हणून बसवण्णांनीच त्या दिवशी दाणे मुद्दाम अधिक सांडवले होते. मारय्या पदराची गाठ सोडू लागले, तोच लक्कम्मांच्या ध्यानात आले की आजचे माप रोजचे नाही. आपण असतो तर काय केले असते? देवाने दिले म्हणून डबा भरून ठेवला असता. लक्कम्मांनी तसे केले नाही. हे जास्तीचे तुमच्या मनाने आणले की बसवण्णांच्या मनातील शंकेने, असे त्यांनी पतीला विचारले. हाव राजेलोकांना शोभते, शिवभक्ताच्या घरात तिला जागा नाही, असे समजावले. रोजचे तेवढे ठेवून उरलेले जेथून आणले तेथेच नेऊन टाकावे, असे सांगितले. मारय्यांनी वाद घातला नाही, राग धरला नाही. ते उठले आणि जास्तीचे तांदूळ परत ठेवून आले.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी क्षणभर थांबा. मारय्यांनी चोरी केली होती काय? नाही. ते दाणे सांडलेले होते, कोणी मागायला येणार नव्हते. मग लक्कम्मांना ते का खुपले? माझ्या अल्पमतीला तीन कारणे दिसतात. पहिले असे की घराची गरज किती, हे त्या घरात आधीच ठरलेले होते. गरज ठरलेली असली की जास्तीचे लगेच दिसते. ज्या घरात गरजच ठरलेली नाही, त्या घरात कितीही आले तरी ते कमीच वाटते. दुसरे, आज जास्त आणले तर उद्याच्या कायकाला सुटी मिळते. साठा आला की आळस येतो आणि आळसाच्या मागोमाग आणखी साठ्याची इच्छा येते. तिसरे, त्या अंगणात मारय्याच एकटे येत नव्हते. चिमण्या होत्या, मुंग्या होत्या, दुसरा एखादा गरीबही असेल. आपल्या पदरात पडलेले जास्तीचे धान्य कोणाच्या तरी तोंडचे असते.

लक्कम्मांनी या प्रसंगात दोन्ही गोष्टी आवरल्या, हेही पाहा. सकाळी कायक थांबले तेव्हा त्यांनी पतीला उठवले आणि जास्त आले तेव्हा परत पाठवले. कमी करणे हा आळस, जास्त आणणे ही हाव. या दोहोंच्या मध्ये घराचे माप असते. ते माप धरून ठेवणे, हीच लक्कम्मांची साधना. साधे राहणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर मोठमोठ्या ग्रंथांतही सहसा सापडत नाही.

पुढची कथा आपण ऐकलेली असेल. या दांपत्याने त्या मोजक्याच तांदळात बसवण्णांसह एक लक्ष शहाण्णव हजार जंगमांना भोजन घातले, असे कथाकार सांगतात. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचे मर्म उरतेच. निर्मळ चित्ताने कायक करणाऱ्याला दारिद्र्य नसते, लक्ष्मी आपण होऊन त्याच्या घरी नांदते, असे लक्कम्मांनी आपल्या वचनात मांडले आहे. कैलासप्राप्तीची आस मारय्यांच्या मनात आली, तेव्हाही त्यांनी पतीला अशीच जाग दिली. धनाची हाव जशी हाव, तशी कैलासाची हावसुद्धा हावच. मारय्यांनी पत्नीच्या ठायी गुरुत्व पाहिले. आठशे वर्षांपूर्वी एका गरीब घरात हे घडले, हे आजच्या सुशिक्षित पुरुषांनी विसरू नये.

बिज्जळाच्या राज्यात ११६७ च्या सुमारास कल्याणात उत्पात झाला, शरण पांगले. परंतु ताडपत्रांवर उतरलेली वचने टिकली. लक्कम्मांची सुमारे २५ वचने आज आपल्या हाती आहेत. अशी विखुरलेली वचने गोळा करण्यात विजापूरच्या फ. गु. हळकट्टी (१८८०-१९६४) यांनी हयात घालवली. ताडपत्रे छापून निघावीत म्हणून राहते घर विकून छापखाना घातलेल्या आणि स्वतः फाटक्या कोटावर वर्षे काढलेल्या या वकिलांचा संसारही लक्कम्मांच्याच पंक्तीला बसणारा होता.

आता आपल्या आजच्या घराकडे वळू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. एक किलो तांदूळ पिकवायला दोन-अडीच हजार लिटर पाणी लागते, असा शेतीतज्ज्ञांचा हिशेब आहे. म्हणजे उकिरड्यावर टाकलेल्या ओंजळभर भाताबरोबर आपण कित्येक घागरी पाणी ओतून देतो. आपल्या भागात चैत्र-वैशाखात हंड्याभर पाण्यासाठी वणवण केलेली पिढी अजून हयात आहे. तिला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

सांडलेले वेचून राहण्याची रीत दूर कल्याणातच पाहावी असे नाही. आपल्याच जिल्ह्यात उटनूर, इंद्रवेल्लीच्या डोंगरात पाहा. मोहाचे फूल रात्री गळते आणि पहाटे गोंड भगिनी टोपली घेऊन झाडाखाली वेचायला जातात. फांदी ओरबाडावी लागत नाही. फूल गळून पडले तरी फळ झाडावरच धरते, पुढे त्याच्या बियांचे तेल मिळते. झाडाने खाली ठेवले तेवढे घ्यायचे आणि वरचे त्याचे त्याला राहू द्यायचे. या भगिनींनी लक्कम्मांचे नाव ऐकले नसेल. परंतु त्यांच्या टोपलीत आणि मारय्यांच्या पदरात मला तरी फरक दिसत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. पाऊस दगा देतो, भाव पडतो आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढते. अशा घराला कमी खा म्हणून उपदेश करणे हे पाप आहे. लक्कम्मांनी उपासाचे गोडवे गायिले नाहीत. त्यांच्या घरी रोज चूल पेटत होती, पंगत बसत होती. ज्याचे घेणे बुडाले त्याला न्याय मिळाला पाहिजे, त्याच्या कापसाला भाव मिळाला पाहिजे. काटकसर हे त्याचे औषध नव्हे. परंतु जे कर्ज आपण चारचौघांत मिरवण्यासाठी, लग्नातल्या मांडवासाठी आणि बँडबाजासाठी काढतो, त्याचे काय? ते पावसाने आणलेले नाही, भावानेही आणलेले नाही. ते आपण पदरात बांधून आणलेले जास्तीचे तांदूळ आहेत. ते मात्र आपल्याला परत करता येतील.

काटकसर आणि कंजूषपणा यांतही गल्लत करू नका. कंजूष माणूस वाचवतो ते स्वतःच्या तिजोरीसाठी. शरण वाचवतो ते दासोहासाठी. पाहुणा आला की डब्याला कुलूप लावणारी काटकसर लक्कम्मांच्या घरची नव्हे.

मग करावे काय? फार मोठे काही नको. स्वयंपाकाला तांदूळ घेताना अंदाजाने न ओतता मापट्याने मोजा आणि त्यातली एक मूठ दासोहाच्या गाडग्यात टाका. भांडी धुतलेले पाणी परसातल्या केळीला, कढीपत्त्याला जाऊ द्या. शेतातल्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून न देता चुलीला किंवा खताला लावा. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवा; आजीच्या हातची वाकळ पुसाच्या थंडीत दुकानातल्या ब्लँकेटला हार जात नाही. लग्नकार्यात पळसाच्या पत्रावळी आणा. थर्माकोल-प्लास्टिकच्या ताटांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे अनेकांना ठाऊक असूनही मांडवामागे त्यांचाच ढीग दिसतो. गाय ते खाते आणि आपणच गोमातेचा जयजयकार करतो! शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाजाराला निघण्यापूर्वी घरात बसून काय हवे ते ठरवा. पिशवी घरी आल्यावर लक्कम्मांच्या नजरेने एकदा पाहा, की यातले रोजचे किती आणि जास्तीचे किती.

घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. घरातील माउली एखादी वस्तू नको म्हणाली, तर तिला अडाणी समजू नका. मारय्यांना ते तांदूळ परत नेताना कमीपणा वाटला नाही. तुम्हालाही वाटू नये.

येत्या सोमवारी इष्टलिंगपूजा आटोपल्यावर एकदा स्वयंपाकघरात जा. ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, अशी एक तरी वस्तू बाहेर काढा आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्या दारी नेऊन द्या. मारय्यांनी परत नेलेले दाणे चिमूटभरच असतील. पण ते परत नेण्यासाठी जे मन लागले, ते आपल्याला लाभो, हीच लक्कम्मांच्या चरणी प्रार्थना.

शरणु शरणार्थी.